केसपेपरच्या खिडकीपासून



फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांना मुंबईतल्या चेंबूर कॅम्पानं आसरा दिला. 1976 मध्ये जनता कॉलनी उठवली, ती माणसं चिता कॅम्पात आली. पुढे वाशी नाका आणि माहुलला कितीतरी वस्त्या आणून बसवल्या. दुसरीकडे नकोशी झालेली माणसं सामावून घ्यायची या परिसराला सवय आहे. पण 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात इथला एम पूर्व विभाग सगळ्यांत खाली होता. अशा वस्तीतला सतरा वर्षांचा मुलगा दलित किंवा मुसलमान असतो, एका खोलीत सहाजणांत झोपतो, आणि शिवाय समलिंगी असतो. त्याच्या आरोग्याचं धोरण कोणी आणि कुठे बसून आखायचं, हा आजच्या परिषदेचा विषय.

समलिंगीपणाचं हे खूळ बाहेरून आलंय असं कोणी म्हटलं, तर त्यांना 1934 सालाची आठवण करून द्या. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी संबंधांविषयीच्याही, त्यांनी उत्तरं छापली होती. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, पण मागे हटले नाहीत. आपल्या वस्त्यांत घरोघरी बाबासाहेबांची तसबीर आहे. हा वारसाही त्यांचाच आहे, हे घराघरात सांगायला हवं.

मुंबईत 1994 मध्ये समलिंगी माणसांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुढे एड्स नियंत्रणाच्या निमित्तानं सरकारी पैसा या समाजापर्यंत पोचला. कंडोम आले, तपासणी आली, 2004 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत आली. त्यानं जीव वाचले. पण धोरणानं या मुलांना ओळखलं ते संसर्गाच्या रकान्यात. झोप न लागणारा, शाळेत मार खाणारा, ब्लेडनं हात कापून घेणारा मुलगा त्या रकान्यात बसत नाही. तो अठराच्या आतला असेल तर एचआयव्ही तपासणीलाही पालकांची संमती लागते. ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांचीच सही!

मी या भागात दवाखाना चालवते. एक ट्रान्स मुलगी अंगात ताप घेऊन आली. आधी ती एका मोठ्या रुग्णालयात गेली होती. केसपेपरवर आधार कार्डावरचं मुलाचं नाव. भर गर्दीत तेच नाव पुकारलं गेलं, ती उठली, बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टरपर्यंत न जाता ती तशीच बाहेर पडली. तिला डेंग्यू होता.

कायदे आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई केली. 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा जाच संपला. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं समलैंगिकता ‘बरी’ करण्याचे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं ठरवलं. तरी “डॉक्टर, याला सरळ करून द्या,” म्हणत आईबाप आजही माझ्यासमोर बसतात. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांना दुसरं कोणी काही सांगितलेलंच नसतं. इथेच, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं 2012 मध्ये ‘आयकॉल’ ही समुपदेशनाची फोनसेवा सुरू केली. मोलाचं काम. पण एका खोलीच्या घरातल्या पोरानं फोनवर बोलायचं कुठे? जिन्यात? सार्वजनिक संडासाच्या रांगेत?

माझ्यासारख्या स्वागताध्यक्षाला ठराव मांडता येत नाही, मागणं मात्र मागता येतं. केसपेपरवर हाक मारायच्या नावाचा एक रकाना हवा. किशोरवयीन मुलांच्या क्लिनिकमध्ये दार लावता येईल अशी एक खोली हवी. वस्तीतल्या आरोग्यसेविकेच्या, आशाताईच्या, प्रशिक्षणात हा विषय हवा, कारण आईशी ओट्यावर बसून बोलणारी तीच असते. यातल्या पहिल्या मागणीला छपाईपलीकडे खर्च नाही.

धोरणाच्या मसुद्याच्या गटात वस्तीतली मुलंमुली बसणार आहेत. त्यांना मध्येच तोडू नका, आणि ती काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत नोंदवा. गटाचं काम दुपारी जेवणानंतर लगेच सुरू होईल. आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करते.