नेतृत्वाचे शिक्षण

नोकरी-व्यवसायात निम्मी वाट चाललेली सुशिक्षित मंडळी हल्ली मुळशीच्या डोंगरांत नेतृत्वाचे पाठ घेण्यास जमतात व परतल्यावरही परस्परांशी संबंध राखतात. उपक्रम स्तुत्यच. परंतु समोरच्या जलाशयाच्या तळाशी मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे आहेत, हे विसरू नये. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथे सत्याग्रह झाला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट तेव्हा चाळीस वर्षांचे होते. एडिंबरोस यंत्रशास्त्र शिकावयास गेलेला हा विद्वान शेतकऱ्यांसाठी तुरुंगात गेला. धरण झालेच, पण ‘सेनापती’ ही पदवी बापटांना लोकांनी दिली. ती कोणत्याही वर्गात मिळत नाही. ज्यांची जमीन जाते, त्यांना आपल्या स्नेहमंडळात जागा आहे काय, एवढे प्रत्येक शिक्षणार्थ्याने स्वतःस विचारावे.