कळस नसलेला चैत्य

लग्नाला वीस वर्षे होऊन गेली, तरी आम्हां उभयतांनी केवळ स्वतःसाठी म्हणून प्रवास असा कधी केला नव्हता. शाळेला सुटी लागे आणि ती नातलगांच्या लग्नकार्यांत नि घराच्या डागडुजीत सरून जाई. गेल्या नाताळच्या सुटीत मात्र चार दिवस सवड काढून आम्ही थायलंडच्या उत्तरेकडील चियांग माई या नगरास जाऊन आलो. तेथील एका भग्न चैत्याची आणि त्याच्या सावलीत घडलेल्या एका रुसव्याची हकीकत आज आपणांस सांगणार आहे.

मंगराई राजाने १२९६ साली हे नगर वसविले. नावाचा अर्थच मुळी 'नवे नगर'. त्याच्या राज्याचे नाव लान्ना, म्हणजे दहा लाख भातशेतांचा देश. जुन्या गावाभोवतीचा चौकोनी खंदक अद्याप पाण्याने भरलेला आहे. भाषा शिकविणारीला तर येथे पावलोपावली ओळखीची माणसे भेटावीत तसे शब्द भेटतात. 'चेदी' म्हणजे आपला चैत्य, 'विहान' म्हणजे विहार. वात चेत योत या मंदिराची सात शिखरे तर बुद्धगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवर उभारलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही वात चेदी लुआंग पाहावयास गेलो. तेथील विटांचा प्रचंड चैत्य १५४५ सालच्या भूकंपात ढासळला. त्याच आवारात एका लहानशा मंदिरात नगराचा आधारस्तंभ जपून ठेवला आहे. पायऱ्यांशी आलो तो पाटी दिसली: स्त्रियांना प्रवेश नाही. मी म्हटले, "तुम्ही पाहून या." यजमान आत गेले ते चांगले पंधरा मिनिटांनी बाहेर आले आणि भिंतींवरील चित्रांचे रसभरित वर्णन करू लागले. मी काही बोलले नाही. माझे मौन त्यांच्या ध्यानी आले, कारण मात्र आले नाही.

राग केवळ त्यांचा नव्हता. लहानपणी आमच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी वेदीची सेवा मुलगेच करीत. सारे शब्दही मला पाठ होते, पण माझा धाकटा भाऊ घंटा वाजवी आणि मी बाकावरून पाहत असे. पुढे १९९४ साली रोमने मुलींनाही ती मोकळीक दिली. तोवर माझे ते वय सरत आले होते. परक्याच्या देवळातील पाटीने घरचीच जुनी सल जागी केली. म्हणून त्या पाटीकडे बोट दाखविण्याचा मला फारसा अधिकार आहे, असेही वाटेना.

आवारात झाडांखाली काही तरुण भिक्षू बसले होते. इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून ते पाहुण्यांशी गप्पा मारतात. एकाला मी विचारले, "चैत्याची डागडुजी केलीत, मग कळस का चढविला नाही?" तो म्हणाला, "वरचा भाग कसा होता हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. मग चढवायचे काय?" पाटीचेही विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मला असेच शिकविले आहे. का, ते मी माझ्या गुरूंना विचारीन."

श्रोतेहो, मुलांच्या प्रश्नाला "मला ठाऊक नाही" असे उत्तर देणे शिक्षकाला किती जड जाते, ते मी जाणते. पोकळ कळस चढविण्याचा मोह आम्हां सर्वांनाच होतो. येथे तर एका साऱ्या नगराने तो मोह आवरला होता.

रात्री मी यजमानांना लहानपणची ती घंटा सांगितली. वीस वर्षांत प्रथमच. ते इतकेच म्हणाले, "हे मला कधीच कळले नाही."

दुसऱ्या दिवशी डोई सुतेप या डोंगरावरील मंदिरास गेलो. हे स्थान १३८३ सालचे. वर जाण्याचा रस्ता क्रूबा सिविचाई या भिक्षूच्या प्रेरणेने लोकांनी १९३५ साली श्रमदानाने केला. रस्ता संपल्यावरही नागांच्या कठड्यांमधून तीनशेंहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. यजमानांचा गुडघा दुखरा, म्हणून ते पाळण्याने वर गेले. मी पायऱ्यांनी गेले. धापा टाकीत पोहोचले, तो ते दाराशीच उभे, पायांतील जोडा काढून हातात धरलेला.

"आत नाही गेलात?"

"काल गेलो होतो," ते म्हणाले.

आम्ही दोघे मिळून आत गेलो. सोनेरी चैत्य उन्हात झळकत होता. इतरांनी गुडघे टेकले, आम्ही हात जोडून उभे राहिलो. खाली धुक्यात नगर दिसत होते, आणि त्यात कोठे तरी तो कळस नसलेला चैत्य. सोन्याचा हा चैत्य सुंदर खराच. पण घरी परतल्यावर वर्गात मी मुलांना चित्र काढून दाखविले, ते त्या दुसऱ्याचे.