उंदीर आमचे, बांध कोणाचा?

(तालुका मेळाव्यात एका कातकरी कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलणे शक्यतो तसेच ठेवले आहे.)



मला भाषण येत नाय. पण उंदरांवर बोल म्हणाल तर रातभर बोलेन. हसू नका, शेतकऱ्याचं भात कोण राखतो त्याची ही गोष्ट हाय.

भातकापणी झाली की आपण उंदीर खणायला निघतो. यंदा आमच्या वाडीतून चौदा जण गेलो, पोरं धरून. पहार, कुदळी, काठ्या आणि कुत्री. एका शेतकऱ्यानेच निरोप धाडला होता, की बांध पोखरून टाकलाय, या. हे काम वाटतं तेवढं सोपं नाय. बिळाच्या तोंडाशी ओली, ताजी माती लोटलेली दिसली तर घूस आत हाय समजायचं. मग पळवाटा शोधायच्या, एकूण एक बुजवायच्या, एकच मोकळी ठेवायची. पेंढा पेटवून धूर आत सोडायचा आणि मोकळ्या तोंडाशी काठी घेऊन गप बसायचं. आमच्या म्हाताऱ्या नुसता पाय आपटून सांगतात, इथं पोकळ हाय. हे कोणत्या शाळेत शिकवतात?

एका बिळात शेर-दोन शेर लोंब्या निघाल्या, रचून ठेवल्यासारख्या. मालक सांजच्याला आला. लोंब्या त्याने पोत्यात भरल्या, वर म्हणाला, "बांध उकरलात तो कोण भरणार?" मजुरीचं काढलं तर म्हणे, "उंदीर तुम्ही खाता ना, मग मजुरी कसली?"

मी विचारतो, हे उंदीर राहिले असते तर? मादी तीन आठवड्यांत वितेल, भातामागून पेरलेला वाल तीच खाईल, आणि पावसाळ्यात पाणी त्याच बिळातून बांध फोडील. म्हणजे राखण आपण केली. बांध आपण भरून देऊ, नाय म्हणत नाय, पण भरण्याची नि खणण्याची मजुरी आधी ठरवून. आणि बिळातलं भात निम्मं आपलं.

आता जिवावरची गोष्ट. दुसऱ्या एका शेतात मालकाने कणकेत काळं औषध कालवून टाकलं होतं. बोलला नाय. आमच्या कुत्रीने बाहेर पडलेला उंदीर खाल्ला नि रात्रीत मेली. पोरं तोवर विस्तव पेटवून बसली होती! ते झिंक फॉस्फाईड. पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो, त्यावर उतारा नाय. भाजल्याने विष जातं असं समजू नका. म्हणून खणायच्या आधी चार माणसांसमोर विचारायचं, औषध टाकलंय का. आयता मेलेला, नायतर झिंगल्यासारखा चालणारा उंदीर उचलायचा नाय. पोरांना हे आजच सांगा.

काही जण विचारतात, उंदीर मारला तर फॉरेस्टवाला धरील का? 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर उपद्रवी प्राण्यांत होता, त्याला मारायला मनाई नव्हती. रानडुकराचं तसं नाय. दळीवरची नाचणी डुकराने रातोरात लोळवली तरी त्याला मारायला लेखी परवानगी लागते. ती मागायला गेलं की पहिला सवाल, जमीन कोणाच्या नावावर? इंग्रजांच्या काळापासून आपण दळी कसतो, आणि सात-बारावर नाव नाय. सावकाराच्या बांधावर आपण राखणदार, आपल्या दळीवर अतिक्रमणवाले!

आणि बघा, उंदीर खणून झाले की वाडी मोकळी होते. कोण कोळशाच्या भट्टीवर, कोण वीटभट्टीवर. मागल्या साली नेमका तेव्हाच जमिनीचा पंचनामा झाला. घरी म्हातारी नि दोन शेरडं. कागदावर लिहिलं, जागेवर कोणी हजर नाही.

म्हणून आमच्या वाडीने ठरवलंय. यंदा पहिले दोन दिवस आपल्याच दळीवर खणायचं, घरटी एक माणूस. पहारी हातात असतीलच, तर हद्दीला दगडही रोवायचे, म्हातारी माणसं दाखवतील तिथं. फॉरेस्टने घेतलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या आढ्यात खोचलेल्या असतील त्या काढा, वाळवी लागायच्या आत. आपण कसत होतो याचा तोच पुरावा. सगळ्या पावत्या संघटनेच्या पेटीत द्या, नोंद करून मिळेल.

तुमच्या वाडीचा दिवस तुम्ही ठरवा, पण मुकादमाची उचल घ्यायच्या आधीचा.