स्पर्शाचें भय



आजचा विषय घरांतील मंडळींपुढें काढण्यास कठीण आहे; परंतु तो न काढल्यानें कित्येक संसार आंतल्या आंत जळतात. पूर्वीं जिच्यावर बळजबरी झाली, त्या स्त्रीच्या पुढील वैवाहिक सुखाचें काय होतें, हा तो विषय होय.

आमच्या देवळाली प्रवरेसारख्या गांवीं नवी सून पतीजवळ जाण्यास भ्याली, तर तिला हट्टी ठरविणारे, बाहेरची बाधा म्हणणारे लोक भेटतात. बाधा असते खरी, पण ती स्मृतीची. संकटाच्या क्षणीं देह गोठतो. पुढें तसाच वास, तसाच अंधार वा स्पर्श आला, कीं तो पुन्हा गोठतो. पति प्रेमळ असला तरी स्नायू आपोआप आवळले जातात, समागम दुःसह होतो. कोणाचें अंग बधिर होतें, कोणाची इच्छाच मावळते. बोस्टनच्या रुग्णालयांत आलेल्या पीडित स्त्रियांचा अभ्यास करून बर्जेस व होल्मस्ट्रॉम या विदुषींनीं १९७४ सालीं अशा आघाताचीं लक्षणें नोंदविलीं. म्हणजे हा दोष स्वभावाचा नव्हे, इजेचा आहे.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून लैंगिक प्रश्नांची उघड चर्चा केली. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं म्हणून त्यांच्यावर खटला झाला; १९३४ सालीं डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. आज प्रश्न विचारण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. आडकाठी आहे ती आपल्या संकोचाची.

मग पतीनें काय करावें? तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा, पण तपशील खोदून विचारूं नये. ती ‘नको’ म्हणाली, कीं तत्काळ थांबावें. लग्न झालें म्हणजे संमति कायमची मिळाली असें नव्हे. स्पर्श कसा, केव्हां व किती, हें तिनें ठरवावें. कारण पूर्वीं तिच्यापासून हिरावला गेला तो हाच अधिकार.

सासूबाईंनीं गंडेदोरे न करतां तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे व मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावें. समुपदेशनानें व स्नायू सैल सोडण्याच्या व्यायामानें पुष्कळ स्त्रियांना आराम पडतो. मात्र घाई करूं नये. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा विनामूल्य सल्ला देते. अहिल्यानगरांत ‘स्नेहालय’ संस्था १९८९ पासून पीडित स्त्रियांसाठीं झटत आहे.

अपराध करणारा निराळा असतां लाज मात्र तिनें वाहावी, हा अन्याय निदान आपल्या घरीं तरी होऊं नये, एवढी विनंती करून मी रजा घेतों.