कमरेवरचा एक किलो



अमेरिकेच्या लष्कराने २९ मार्च १९११ रोजी एक पिस्तूल स्वीकारले. जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिराने त्याची रचना केली होती आणि कोल्ट कंपनीने ते घडविले होते. ‘नाइन्टीन इलेव्हन’ याच नावाने ते आजही ओळखले जाते. १९८५ नंतर लष्करातून ते हळूहळू बाजूला झाले, पण सामान्य अमेरिकन नागरिकाच्या कमरेवरून मात्र उतरले नाही. पोलादी, पाच इंच नळीचे, साडेआठ इंच लांब आणि काडतुसे न भरताच सुमारे एक किलो शंभर ग्रॅम वजनाचे असे हे हत्यार. वाण्याकडून आणलेली साखरेची किलोची पिशवी कमरेच्या एका अंगाला बांधावी, वरून सदरा चढवावा आणि दिवसभर कचेरीत, मोटारीत, जेवणाच्या टेबलाशी असे वावरावे की कोणाच्या ती लक्षातही येऊ नये! मोठे पिस्तूल झाकून बाळगणारा नेमके हेच करीत असतो.

चित्रपटातील नायक कोटाच्या आतून क्षणार्धात पिस्तूल काढतो. तोच नायक चार तास मोटार चालविताना, वाकून बुटाची नाडी बांधताना किंवा शौचालयात जाताना त्या पिस्तुलाचे काय करतो, हे कोणी दाखवीत नाही. सगळा प्रश्न तेथेच तर आहे. आज आपल्या कितीतरी कुटुंबांतील मुले-मुली टेक्सास, ॲरिझोना, फ्लॉरिडा या राज्यांत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या अंगावर झाकलेले शस्त्र असणे ही तेथील नित्याची गोष्ट होय. फ्लॉरिडाने १९८७ साली पात्र नागरिकाला असा परवाना देणे बंधनकारक करणारा कायदा केला, नंतर एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली, आणि २०२४ पर्यंत २९ राज्यांत तर परवान्याचीही अट उरली नाही. न्यूयॉर्कचा कडक कायदा योगायोगाने त्या पिस्तुलाच्याच वयाचा, म्हणजे १९११ चा. खास गरज सिद्ध करण्याची त्यातील अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. त्या देशाने हे योग्य केले की अयोग्य, हा वादाचा विषय आहे आणि तो वाद त्यांचा त्यांनी करावा. शस्त्र अंगावर आलेच, तर ते कोठे आणि कसे राहावे, एवढाच आजचा विषय आहे.

कोणीही विचारील की लपवायचेच असेल तर मोठे शस्त्र घ्यावेच कशाला? प्रश्न रास्त आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीचे वर्णन करताना बखरी वाघनखे आणि बिचवा यांचा उल्लेख करतात. मुठीत मावेल आणि अस्तनीत जाईल तेच शस्त्र लपविण्यास योग्य, ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु पिस्तुलाची गोष्ट थोडी निराळी. लहान, हलके पिस्तूल हातात उसळते, त्याची मूठ पुरती पकडीत येत नाही, आणि नळी आखूड असल्याने नेम साधण्यास अधिक सराव लागतो. जड पिस्तूल स्वतःच्या वजनाने हिसका पचविते. ज्याचा हात मोठा आहे किंवा ज्याने उमेदीची वर्षे त्याच शस्त्रावर सराव केला आहे, तो ते सोडावयास तयार होत नाही. मग त्याला शरीरावर जागा शोधावी लागते.

जागा न शोधता, नुसते कमरेत खोचून चालणाऱ्याचे काय होते, ते २००८ च्या नोव्हेंबरमध्ये सगळ्या अमेरिकेने पाहिले. प्लॅक्सिको बरेस हा न्यूयॉर्क जायंट्स संघाचा फुटबॉलपटू. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने अखेरच्या क्षणी चेंडू झेलून संघाला अजिंक्यपद मिळवून दिले होते. मॅनहॅटनच्या एका नाइट क्लबमध्ये तो ढगळ, पट्टा नसलेल्या विजारीत भरलेले पिस्तूल खोचून गेला. होल्स्टर नाही, पट्टा नाही. पिस्तूल विजारीतून खाली घसरले, त्याने ते पकडण्यासाठी हात घातला, बोट चापावर गेले आणि गोळी त्याच्याच मांडीतून आरपार गेली. त्याच्याजवळचा फ्लॉरिडाचा परवाना मुदत संपलेला होता आणि न्यूयॉर्कचा तर नव्हताच. २००९ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या कसलेल्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटत नव्हता, पिस्तूल मात्र सुटले. कारण त्याला धरून ठेवणारे काही नव्हतेच.

म्हणून जाणकार आधी जागेचे बोलत नाहीत, पट्ट्याचे बोलतात. आपला नेहमीचा मऊ, एकपदरी पट्टा किलोभर वजनाखाली पिळवटतो. पिस्तुलाची मूठ बाहेरच्या बाजूला कलते, विजार एका अंगाने खाली येते, आणि माणूस दर पाच मिनिटांनी ती वर ओढू लागतो. ही ओढाताणच त्याचे गुपित फोडते. दीड इंच रुंद, दुपदरी, ताठ चामड्याचा पट्टा हे वजन कमरेभोवती वाटून देतो. पिस्तूल बोचते म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचे पिस्तूल बोचत नसते, पट्टा दगा देत असतो! त्या खालोखाल होल्स्टर. त्याने चाप पूर्ण झाकलेला असला पाहिजे, आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही त्याचे तोंड मिटता कामा नये.

जागा सांगण्यासाठी अमेरिकेत घड्याळाची भाषा वापरतात. नाभी म्हणजे बारा, उजवे कुल्ल्याचे हाड म्हणजे तीन, पाठीचा कणा म्हणजे सहा. तीनवर ठेवलेले पिस्तूल सरळ हाडावर येते. उभे असताना ते ठीक वाटते, पण हातांच्या खुर्चीत बसले की मूठ खुर्चीच्या हातावर आपटते आणि सगळ्या खोलीला त्या आवाजाचा अर्थ कळतो. त्याच्या किंचित मागे, साडेतीन ते चारच्या दरम्यान, हाडाच्या मागे एक नैसर्गिक खळगा असतो. मोठे पिस्तूल बाळगणारे पुष्कळ जण शेवटी येथेच स्थिरावतात. येथे पिस्तूल उभे न ठेवता त्याची मूठ थोडी पुढे झुकवावी लागते, म्हणजे ती पाठीमागून सदऱ्यात टोचत नाही.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. नवख्याला लांब नळीची धास्ती वाटते. प्रत्यक्षात नळी विजारीच्या आत, मांडीच्या रेषेत सरळ उतरते आणि दिसेनाशी होते. लपत नाही ती मूठ. नळीची लांबी उलट उपकारकच ठरते, कारण पट्ट्याखालचा भाग लांब असला की वरची मूठ बाहेर कलंडत नाही. नाइन्टीन इलेव्हन इतके मोठे असूनही लपते, याचे दुसरे कारण ते चपटे आहे. अंगाला लांबीपेक्षा जाडी अधिक रुतते. मात्र होल्स्टर विजारीच्या आत घ्यायचे तर विजार दोन इंच मोठ्या कमरेची शिवून घ्यावी लागते. हा साधा हिशेब न करता ‘सोयीचे नाही’ म्हणणारे बरेच. त्यांच्या कपाटात फुकट गेलेल्या होल्स्टरांचा एक खणच असतो, आपल्याकडे माळ्यावर व्यायामाची यंत्रे असतात तसा.

पुढे, पोटाच्या बाजूला, साडेबारा ते एकवर पिस्तूल ठेवण्याची पद्धत अलीकडे फार रूढ झाली आहे. आखूड सदऱ्याखालीही ते लपते आणि हात चटकन पोहोचतो. पण बसल्यावर पाच इंची नळी जांघेत रुतते आणि मूठ पोटात घुसते. पोट सुटलेल्या गृहस्थाला तर हे असह्यच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नळीचे तोंड मांडीच्या मुख्य रोहिणीकडे राहते. परत ठेवताना सदऱ्याचे टोक जरी चापात अडकले, तरी घात. या जागेचे गुण मान्य करूनही नवशिक्याने मोठे पिस्तूल येथे ठेवू नये, हेच शहाणपणाचे. आणि सहावर, म्हणजे बरोबर पाठीच्या कण्यावर, कोणीच ठेवू नये. माणूस घसरून पाठीवर पडला तर खालचे पोलाद थेट मणक्यावर बसते, आणि मागून कोणी हात घातला तर ते त्याला दिसतही नाही.

खांद्याचे होल्स्टर चित्रपटात शोभते आणि वजन खांद्यांवर वाटले जात असल्याने दिवसभर बसून काम करणाऱ्याला ते खरोखर सुखाचे असते. पण मग कोट उतरवता येत नाही. फ्लॉरिडाच्या जुलै महिन्यात कोट घालून वावरणाऱ्या माणसाकडे कोण पाहणार नाही? घोट्याला एक किलो बांधण्याचा विचार तर बोलण्यापुरताही नको.

खरी परीक्षा मोटारीत होते. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे सुरक्षा पट्ट्याचे कुलूप त्याच्या उजव्या कुल्ल्याशी, नेमके पिस्तुलापाशी येते. अवघडलेला माणूस मग पिस्तूल काढून शेजारच्या बैठकीवर किंवा कप्प्यात ठेवतो. मायामी येथे ११ एप्रिल १९८६ रोजी एफबीआयच्या आठ जणांनी दोन सशस्त्र दरोडेखोरांची मोटार अडविली. एका अधिकाऱ्याने चकमक होणार या अपेक्षेने रिव्हॉल्वर काढून बैठकीवर ठेवले होते. मोटारी एकमेकींवर आदळल्या, दार उघडले आणि ते शस्त्र भिरकावले गेले. त्या सकाळी जेरी डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे दोन अधिकारी मृत्युमुखी पडले आणि पाच जखमी झाले. त्यानंतर एफबीआयने अधिक जोरकस काडतुसाचे मोठे पिस्तूल घेतले, आणि ते अनेकांच्या हाताला अवजड ठरले, हा पुढचा इतिहास. बैठकीवरचे शस्त्र आपले राहत नाही, ही त्यातील गोष्ट मात्र साधीच होती. ज्यांचा दिवस मोटारीत जातो, ते उजव्या हाताचे लोक पिस्तूल डाव्या बाजूला, मूठ पुढे करून बांधतात. त्यांना ते बसल्या बसल्या काढता येते आणि कुलूपही मोकळे राहते.

स्त्रियांची अडचण अधिक आहे. कमरेपासून बरगड्यांचे अंतर कमी आणि कुल्ल्याचा उतार जास्त, त्यामुळे मूठ बरगडीत रुतते. शिवाय स्त्रियांच्या पोशाखात तो ताठ पट्टा क्वचितच असतो. म्हणून पर्सचा मार्ग सुचतो. आणि तोच घातक आहे. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन गावी एक तरुण आई मुलांना घेऊन खरेदीस गेली होती. तिच्या पर्सला पिस्तुलासाठी खास कप्पा होता. खरेदीच्या ढकलगाडीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने त्यात हात घातला. गोळी आईला लागली आणि ती तेथेच गेली. ती अजाण किंवा बेफिकीर होती का, हा येथे प्रश्न नाही. शस्त्र अंगावर नव्हते, एवढेच.

अंगावर न सोसणारे शस्त्र शेवटी अंगावरून उतरतेच. ते मोटारीत राहते आणि चोराच्या हाती लागते, नाहीतर सार्वजनिक शौचालयात खुंटीला टांगलेले विसरते. म्हणून नव्या जागेची परीक्षा घरातच घ्यावी असे सांगतात. काडतुसे काढावीत, दोनदा तपासावे, आणि दोन आठवडे जिने चढावे, लहान मूल उचलावे, गुडघ्यांत वाकून जमिनीवरची वस्तू घ्यावी, शौचालयात पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवून विजार सांभाळण्याचा सराव करावा. चौदा दिवस ज्याची आठवण दर तासाला होत नाही, ती जागा आपली.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात राहील असे न्यावयाचे आहे. लग्नाच्या वरातीत ते मिरविणाऱ्यांना हा नियम ठाऊक नसतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेला गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे, हेही ठाऊक नसते. नऊ मिलिमीटर किंवा पॉइंट फॉर्टी-फाइव्हचे मोठे पिस्तूल येथे सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाही. मिळते ते बहुधा कानपूरच्या आयुध निर्माणीचे पॉइंट थर्टी-टूचे रिव्हॉल्वर, वजन सुमारे सातशे ग्रॅम. वजन कमी, म्हणून सोय जास्त, असे मात्र नव्हे. रिव्हॉल्वरचा गोल फिरता कोठा त्या अमेरिकन पिस्तुलापेक्षा जाड असतो आणि पट्ट्याखाली तोच हाडात रुततो. त्यासाठी होल्स्टर उंच बसणारे, कोठा पट्ट्याच्या वर राहील असे, घ्यावे लागते. आपला चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे सुरक्षा पट्ट्याचे कुलूप डाव्या अंगाला जाते आणि उजवा कुल्ला मोकळा राहतो, एवढी एक सवलत. दुचाकीवर ती राहत नाही. वाऱ्याने सदरा फुगतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला सर्व काही दिसते. आणि झब्बा-पायजमा घालणाऱ्या परवानाधारकाने तर आधी शिंप्याकडे जावे, कारण नाडीवर होल्स्टर टिकत नाही.