सून आणि जावई



नागापूरच्या कारखान्यांत परगावचा माणूस येतो, मागाहून बायकोला आणतो. तिचे लग्न कोणत्या विधीने लागले, हे शिवेवर कोणी विचारीत नाही. देशाच्या सरहद्दीवर मात्र विचारतात. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयाने बाई मरियम हिला नवऱ्यापाशी राहण्यास मज्जाव केला. कारण काय? ज्या धर्मात अनेक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माचे लग्न कायद्याने लग्नच नव्हे! त्या न्यायाने तिथल्या हिंदू-मुसलमान गृहिणी कायद्याच्या लेखी कोणीच उरल्या नाहीत. कस्तुरबा त्या सप्टेंबरात तुरुंगात गेल्या. नामदार गोखल्यांनी इथून पैसा धाडला. १९१४ च्या कायद्याने अखेर एका पत्नीपुरती मान्यता मिळाली. ही मर्यादा मला गैर वाटत नाही. परक्या देशाने बायका मोजाव्यात. विधी जोखू नयेत.

पण आपले घर? आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाच्या परदेशी बायकोला नोंदणीने नागरिक होता येई. भारतीय मुलीच्या परदेशी नवऱ्याला त्या कलमात जागाच नव्हती. ती १९८६ साली झाली. सून आपली, जावई परका, हा माजघरातला न्याय एकतीस वर्षे कायद्यात नांदला! आता दोघांनाही अर्जापूर्वी सात वर्षे इथे राहावे लागते. संसार खरा की कागदी, हे तेवढ्यात कळते, हे कबूल. पण सहाव्या वर्षी नवरा वारला, तर त्या बाईने कोणत्या खिडकीशी उभे राहायचे? समोर वकीलमंडळी बसली आहेत, त्यांनी सांगावे.