दोन बोटं क्रीझबाहेर



27 मे 2025 ची रात्र. लखनौच्या एकाना मैदानावर आयपीएलच्या सामन्यात आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा फलंदाजी करत होता. बेंगळुरूच्या संघाचं कर्णधारपद त्या दिवशी त्याच्याकडे होतं, आणि लक्ष्य होतं 228 धावांचं. सतराव्या षटकाचा शेवटचा चेंडू. जितेश गोलंदाजाच्या बाजूला उभा. लखनौचा गोलंदाज दिग्वेश राठी धावत आला, पाऊल टाकलं, पण चेंडू काही टाकला नाही. वळला आणि यष्ट्या उडवल्या. जितेश क्रीझच्या बाहेर.

मी तेव्हा अकोल्यात एका पानठेल्यावर होतो. एका मोबाइलभोवती सात-आठ डोकी. एक जण उसळला, “हे काय खेळणं झालं बाप्पा? आपल्या पोट्ट्याले असं फसवून आउट करते!” त्यावर पान लावणाऱ्याने मान वर न करता विचारलं, “मंग तो काहून निघाला बाहेर?”

या प्रश्नाला ठेल्यावर उत्तर मिळालं नाही. टीव्हीवरच्या जाणकारांकडेही ते नव्हतं.

मी उमेदीच्या काळात खेड्यापाड्यांतल्या टेनिस बॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलेलो आहे. तिथे पंच बॅटिंगवाल्यांचाच असतो, त्यामुळे पायचीत हा प्रकार जवळपास नाहीच. पण रनर आधीच निघाला, तर त्याला एकदा सांगायचं आणि दुसऱ्यांदा दांडी उडवायची, ही रीत कोणी कुठे लिहून ठेवली नव्हती, तरी सगळे पाळायचे. विनू मंकडांनी 1947 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात काहीसं असंच केलं होतं. आधीच्या एका सामन्यात बिल ब्राउनला समज दिली, तरी तो निघालाच, म्हणून बाद केलं. पुढे 13 डिसेंबरला सिडनीच्या कसोटीत तोच फलंदाज पुन्हा तसाच निघाला, तेव्हा न सांगता बाद केलं. तिथल्या वर्तमानपत्रांनी बरीच ओरड केली. ब्राउनचाच कर्णधार डॉन ब्रॅडमन याने मात्र आपल्या पुस्तकात मंकडांची बाजू घेतली. तरी गंमत पाहा, चूक धावणाऱ्याची, आणि ‘मंकडिंग’ म्हणून नाव चिकटलं ते बाद करणाऱ्याचं. आज पाऊणशे वर्षं होऊन गेली, ते नाव काही सुटत नाही.

क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीने ऑक्टोबर 2022 पासून हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या ‘धावबाद’मध्ये टाकला. त्याच्या थोडंच आधी, सप्टेंबरात, दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर चार्ली डीनला असं बाद केलं, तेव्हा इंग्लंडमध्ये केवढा गहजब झाला होता. नियमाचं काम नियमाने केलं, पण लोकांच्या मनातलं प्रकरण काही बदललं नाही.

लखनौला काय झालं? तिसऱ्या पंचाने चित्रफीत पाहून जितेशला नाबाद ठरवलं, कारण राठीचं पाऊल पुढच्या रेषेपलीकडे पडून चेंडू टाकण्याची क्रिया पुरी झाली होती. आणि लखनौचा कर्णधार ऋषभ पंत याने अपील मागे घेतलं. जितेशने त्याला मिठी मारली. मग 33 चेंडूंत नाबाद 85 करून त्याने आठ चेंडू शिल्लक ठेवत सामना जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्या मिठीचा फोटो आणि पंतच्या दिलदारपणाचं कौतुक.

आता मला जरा आडवं बोलू द्या. पंतने अपील मागे घेतलं नसतं, तरी जितेश नाबादच होता. लखनौचा संघ स्पर्धेतून आधीच बाहेर पडलेला होता. म्हणजे या दिलदारपणाला खिशातून एक पैसा लागला नाही. आणि राठी? तो मैदानाच्या मधोमध एकटा पडला. रविचंद्रन अश्विनने नंतर नेमकं यावर बोट ठेवलं. कर्णधाराने सगळ्यांसमोर आपल्याच गोलंदाजाला लहान केलं, असं त्याचं म्हणणं. अश्विनने स्वतः 2019 साली जयपूरला जोस बटलरला असंच बाद केलं होतं, तेव्हा त्याला ही बाजू दिसणारच. पण मला ती पटते.

राठी काही साधुसंत नाही. बळी मिळाला की हवेतल्या वहीत नाव लिहून दाखवायची त्याची सवय. पंजाबच्या प्रियांश आर्यपुढे ती वही काढली, तेव्हा सामन्याच्या मानधनातून 25 टक्के गेले. मुंबईविरुद्ध पुन्हा काढली, 50 टक्के गेले. मग हैदराबादच्या अभिषेक शर्माशी हातघाईची वेळ आली, आणि एका सामन्याची बंदी. ती भोगून तो परतला, तो याच सामन्यात. त्यामुळे त्याने वाकून नमस्कार केला असता, तरी लोकांना त्यात आगाऊपणाच दिसला असता. माणसाचं नाव एकदा खराब झालं, की त्याच्या बरोबर असलेल्या गोष्टीही चुकीच्या खात्यात जमा होतात. खेड्यातही असंच चालतं.

जाता जाता एक आठवण सांगतो, कारण ती अकोला-अमरावतीची आहे. 17 मे 2023, धरमशाला. पंजाबकडून खेळताना अकोल्याचा अथर्व तायडे 42 चेंडूंत 55 वर होता. धावगती पुरत नव्हती, म्हणून तो ‘रिटायर्ड आउट’ होऊन परत आला. बाद न होता बाद. आमच्याकडे हळहळ, की पोराचा अपमान केला. त्याच्या जागी बॅट घेऊन कोण आलं? जितेश शर्मा. आणि शून्यावर गेला. अकोला बाहेर, अमरावती आत, आणि पंजाबच्या पदरात पराभव. दोन्ही गावांनी त्या रात्री एकमेकांना फोन केले नसावेत.

असो. 3 जून 2025 ला अहमदाबादेत बेंगळुरूने अंतिम सामना सहा धावांनी जिंकला. त्यात जितेशच्या 10 चेंडूंत 24. अमरावतीकरांची छाती फुगली, फुगायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत सत्कार ठेवला. संघाने समाजमाध्यमांवरून विजययात्रेची हाक दिली आणि लाखो लोक लोटले. पोलिसांची रीतसर परवानगी घेतलेली नव्हती, असं पुढे कर्नाटक सरकारने न्यायालयात सांगितलं. चिन्नास्वामी मैदानाच्या दारांवर चेंगराचेंगरी झाली. अकरा माणसं मेली. बहुतेक तरुण, त्यात एक शाळकरी मुलगीही. बाहेर हे चाललेलं, आणि आत सोहळा. कळताच आम्ही कार्यक्रम आवरता घेतला, असं संघाने सांगितलं. संघाकडून आधी घरटी दहा लाख, ऑगस्टअखेर पंचवीस लाख जाहीर झाले. सरकारने संघाकडे बोट दाखवलं, पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण न्यायालयात गेलं.

यात खेळाडूंचा दोष मी धरत नाही. त्यांना गाडीत बसवलं, गाडीतून उतरवलं, मंचावर उभं केलं. पण लखनौला जितेशची बॅट क्रीझच्या किती बाहेर होती, दोन बोटं की चार, हे आम्ही पडदा थांबवून थांबवून मोजलं होतं. चिन्नास्वामीच्या दारावर नेमकं काय, कोणाच्या सांगण्यावरून झालं, ते मोजायला ठेल्यावर कोणी मोबाइल पुढे केला नाही. त्या दिवशी ठेल्यावर शांतताच होती. पानवाला म्हणाला, “मॅच संपली ना भाऊ,” आणि चुन्याचा डबा बंद केला.

मग सप्टेंबर. दुबईच्या आशिया चषकात भारतीय संघाने पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केलं नाही. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याची जखम ओली होती. 28 तारखेला अंतिम सामना जिंकला, आणि पाकिस्तानच्या मंत्रिमंडळात असलेल्या मोहसीन नक्वी यांच्या हातून चषक घेतला नाही. रिकाम्या हातांनीच चषक उचलल्याचा अभिनय करून पोरं नाचली. जितेश त्या चमूत होता. पुढे 16 नोव्हेंबरला दोहा इथल्या स्पर्धेत पाकिस्तान ‘अ’विरुद्ध भारत ‘अ’ संघाचा कर्णधार म्हणून तोच उभा होता, तेव्हाही हात मिळाले नाहीत. सामना मात्र पाकिस्तान ‘अ’ने जिंकला. हस्तांदोलन टाळणं योग्य की अयोग्य? माझं मत विचाराल, तर खेळायचं ठरवलं की हात मिळवावा, नाहीतर खेळूच नये. हे मत ठेल्यावर बोलून पाहिलं. चहासुद्धा मिळाला नाही.

खेळात राजकारण आणू नका म्हणणाऱ्यांना मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण करून देतो. 1914 साली वैद्य बंधूंनी उभं केलेलं हे मंडळ. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक तिथे गेलं, आपले देशी खेळ दाखवून वाहवा मिळवून आलं. वऱ्हाडात त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण त्या टाळ्या कोणाच्या राज्यात वाजत होत्या, हे आम्ही शाळेत शिकलो नाही, आणि कोणाला विचारलंही नाही.

पुन्हा जितेशकडे येतो. दोह्यातल्या त्याच स्पर्धेत 21 नोव्हेंबरला उपांत्य फेरी. बांगलादेश ‘अ’ने 194, आपणही 194. सुपर ओव्हरला चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला, ज्याने 15 चेंडूंत 38 केल्या होत्या, बाकावर ठेवून जितेश स्वतः गेला. पहिल्याच चेंडूवर उलटा फटका मारायच्या नादात गेला. दुसऱ्या चेंडूवर आशुतोष शर्मा गेला. धावा शून्य. बांगलादेशला एक धाव हवी होती, ती वाइडने मिळाली.

सामन्यानंतर जितेश म्हणाला, जबाबदारी माझी. ज्येष्ठ म्हणून सामना मीच संपवायला हवा होता. वैभवला का पाठवलं नाही, त्याचंही कारण त्याने सरळ सांगितलं, की सुरुवातीची षटकं त्याची, शेवटची आमची. कारण पटो न पटो, पण आडपडदा नव्हता. त्या अख्ख्या वर्षात इतक्या गोष्टी घडल्या, त्यात ‘माझं चुकलं’ असं इतकं स्वच्छ वाक्य माझ्या कानावर आलं ते हे एकच. आणि सगळ्यात जास्त शिव्या पडल्या त्या यालाच.

ठेल्यावर मे महिन्यात उसळलेले तेच गृहस्थ होते. मी म्हटलं, “काय हो, आपलं पोट्टं हरलं.”

“आपलं कायचं?” ते म्हणाले. “तो तं बेंगलोरचा हाय.” आणि पिचकारी टाकून आले. मग जरा वेळाने, मोबाइल खिशात घालता घालता, “पुढची मॅच कधी हाय त्याची? सांगजा बरं.”